शाईची तार : बहुवारिक शाईच्या थेंबाविषयी मराठी परिभाषेची एक तपासणी

मराठीतील शास्त्रीय परिभाषेची चर्चा बहुधा शब्द सोपा की कठीण या एकाच प्रश्नाशी येऊन थांबते. संस्कृत घडणीचा शब्द दिसला की तो बोजड ठरवावयाचा आणि बोलीतला शब्द कोणी सुचविला की त्यास ग्राम्य म्हणावयाचे, हा वाद १९६० साली महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय स्थापन झाले त्याच्याही आधीपासून चालत आलेला आहे. या वादात एक अधिक महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो. ज्या वस्तूसाठी परिभाषा घडविली त्या वस्तूतील भेद ती दाखविते किंवा नाही, हा तो प्रश्न. कठीण शब्द शिकता येतो. परंतु जो भेद शब्दांत उमटलेलाच नाही तो मराठीतून शिकणाऱ्याच्या ध्यानी येणे दुरापास्त होते. आणि अशी उणीव कोणाच्या डोळ्यांतही भरत नाही, कारण कोशाचे पान भरलेले दिसत असते.

या दृष्टीने परिभाषेची सरसकट स्तुती किंवा निंदा करण्यापेक्षा एखादे लहानसे, नेमके क्षेत्र घेऊन ती तपासणे इष्ट होय. इंकजेट छपाईत बहुवारिक मिसळलेल्या शाईचा थेंब कसा तयार होतो, हे असे एक क्षेत्र आहे. विषय वरवर पाहता भाषाशास्त्राच्या अंगणाबाहेरचा वाटेल. नाशिकला मात्र तो परका नाही. नाशिकरोडला १९२५ साली सरकारी रोख्यांचे व तिकिटांचे आणि १९२८ साली नोटांचे छापखाने उभे राहिले. कागदोपत्री त्यांची नावे भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि चलार्थपत्र मुद्रणालय अशी आहेत; गावाच्या तोंडी ‘नोट प्रेस’ एवढेच आहे. तेथील कोरीव पत्र्यावरून होणाऱ्या छपाईची शाई लगद्यासारखी घट्ट असते. याच शहराच्या सातपूर-अंबड भागातील कारखान्यांच्या मालावर तारीख, किंमत व क्रमांक उमटविणारी इंकजेटची शाई पाण्याच्या बरीच जवळची असते. दोन्हींत बहुवारिक असते आणि दोन्हींचे यश शेवटी शाई कशी तुटते यावर अवलंबून असते. शिवाय १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे तांत्रिक विषय मराठीतून शिकणारा वर्गही याच शहराशी जोडलेला आहे. तेव्हा ही तपासणी केवळ कोशकारांच्या कामाची आहे असे समजण्याचे कारण नाही.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहावयास हवे. इंकजेटच्या शीर्षात केसाहून बारीक, साधारणतः वीस ते पन्नास मायक्रोमीटर व्यासाची छिद्रे असतात. शाईला मागून क्षणिक दाब मिळतो. तो देण्याच्या दोन रीती रूढ आहेत : विजेने किंचित वाकणाऱ्या स्फटिकाने शाई ढकलणे, किंवा तापलेल्या पृष्ठावर वाफेचा बुडबुडा उठवून ती ढकलणे. शाईचा एक छोटा स्तंभ छिद्रातून सेकंदास पाच ते दहा मीटर वेगाने बाहेर पडतो. त्याचे पुढचे टोक गोल होऊ लागते आणि मागे शेपटीसारखा धागा राहतो. धागा छिद्राजवळ तुटला म्हणजे थेंब सुटा झाला. पुढे मिलिमीटरभर अंतरावर कागद असतो, म्हणजे सर्व प्रवास सेकंदाच्या काही दहासहस्रांशांत संपतो. या अवधीत शेपूट पुढच्या थेंबात शिरली तर अक्षर स्वच्छ उमटते. तिचे तुकडे झाले तर मुख्य थेंबामागून बारीक थेंब येतात आणि अक्षराच्या कडेला ठिपके पडतात.

धार थेंबांत का तुटते, हे गेल्या दीडशे वर्षांत पुरते उलगडले आहे. साव्हार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३३ साली पाण्याची धार बारकाईने पाहिली. प्लॅटो याने १८७३ साली दाखविले की, धारेवरील उंचवट्यांमधील अंतर तिच्या परिघाहून अधिक झाले की पृष्ठताणच तिला तोडू लागतो. १८७८ साली रॅले याने गणित पुरे केले : सर्वांत लवकर वाढणारा उंचवटा धारेच्या व्यासाच्या सुमारे साडेचार पट अंतरावर येतो. शिवालयातील अभिषेकपात्राखाली उभा राहणारा मनुष्य हेच रोज पाहतो. वरती सलग काचेसारखी दिसणारी धार खाली येता येता गाठाळ होते व पिंडीवर थेंबांनी पडते. तिला ‘संततधार’ म्हणणाऱ्याने ती वरच्या अंगाने पाहिली असावी.

पाण्याच्या बाबतीत कथा येथे संपते. शाईत बहुवारिक घातले की ती बदलते, आणि परिभाषेची कसोटीही तेथेच सुरू होते.

द्रवाच्या वाहण्यास होणाऱ्या अंतर्गत विरोधाला मराठी विश्वकोशात व शासकीय कोशांत ‘श्यानता’ हा शब्द आहे. शब्दाची पूर्वपीठिका मनोरंजक आहे. ‘श्यै’ हा धातू धातुपाठात ‘गती’ या अर्थी दिलेला आहे. पाणिनीने सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादातील चोविसाव्या सूत्रात त्याच्या भूतकृदन्ताचा विचार केला असून, द्रव थिजून घट्ट होणे हा अर्थ असेल तेथे ‘शीन’ असे रूप सांगितले आहे. थिजलेले तूप हे काशिकेतील उदाहरण आहे. हा अर्थ नसेल तेथे ‘श्यान’ राहते, आणि त्याचे उदाहरण म्हणून काशिकाकार थंडीने आखडलेला विंचू पुढे करतात. म्हणजे व्याकरणाच्या काटेकोर दृष्टीने पाहिले तर द्रवाच्या घट्टपणासाठी निवडलेले रूप तुपाचे नसून विंचवाचे आहे! अर्थात उपसर्ग लागला की विकल्प येतो, आणि काव्यात सुकत आलेल्या चिखलास ‘आश्यान’ म्हटलेले आढळते. तेव्हा रूपावरून शब्द बाद करण्याचे कारण नाही. पारिभाषिक शब्द व्युत्पत्तीवर जगत नाही, व्याख्येवर जगतो. या शब्दाविषयीचा आक्षेप वेगळा आहे.

तो समजण्यासाठी इंग्रजी ‘व्हिस्कॉसिटी’कडे वळावे लागते. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘व्हिस्कम’ आहे. एका परोपजीवी झुडपाचे ते नाव; त्याच्या फळांच्या चिकापासून पक्षी पकडण्याचा लासा करीत. बोटांना लागून लांब धागे देणारा पदार्थ, हा मूळ अनुभव होता. भौतिकशास्त्राने पुढे त्या शब्दाचा अर्थ आवळून नेमका केला. न्यूटनने १६८७ साली मांडलेल्या कल्पनेस अनुसरून, द्रवाचा एक थर दुसऱ्यावरून सरकताना जो विरोध होतो तेवढाच त्यात राहिला आणि धागा गळाला. मराठीने शब्द घेतला तो हा आवळलेला अर्थच. परिणामी सरकण्याचा विरोध आणि ताणले जाण्याचा विरोध ही दोन वेगळी परिमाणे आहेत, हे ‘श्यानता’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास शब्दावरून कळत नाही. इंग्रजी विद्यार्थ्यासही ते कळत नाही, हे खरे. परंतु त्याच्या पुस्तकात पुढे विशेषण लावून दुसरा शब्द येतो. मराठीत तो यावयाचा आहे.

ट्राउटन याने १९०६ साली डांबरासारखे पदार्थ ताणून पाहिले आणि साध्या द्रवात ताणाचा विरोध सरकण्याच्या विरोधाच्या बरोबर तिप्पट असतो असे दाखविले. पाणी, मध, साखरेचा पाक या सर्वांस हा नियम लागू पडतो. प्रमाण ठरलेले असल्याने एका परिमाणावरून दुसरे कळते व एका शब्दावर काम भागते. बहुवारिकाच्या द्रावणात हे प्रमाण मोडते. लांब साखळीचे रेणू शांत द्रवात गुंडाळी होऊन पडलेले असतात. थर सरकू लागले तर ते लोळत जातात आणि फारसा विरोध करीत नाहीत. परंतु द्रव लांबीच्या दिशेने खेचला गेला की त्यांची गुंडाळी उलगडते, आणि मग विरोध तिप्पट काय, सहस्रपटीनेही वाढू शकतो. दहा लक्ष भाग पाण्यात पुरेशा लांब साखळीच्या बहुवारिकाचे शंभर-दोनशे भाग मिसळले तर मोजमापात पाण्याची श्यानता जवळजवळ तेवढीच राहते. धार मात्र तुटण्याऐवजी दोऱ्यात मणी ओवल्यासारखी लोंबत राहते. दोन शाया श्यानतेत समान आणि थेंबात विषम, असे होते ते यामुळेच. त्या दोहोंना एकाच शब्दाने आणि एकाच आकड्याने ओळखणारा मनुष्य यंत्रापुढे चकित होऊन उभा राहील.

मराठी भाषा या भेदाविषयी मुकी आहे काय? मुळीच नाही. वस्तुतः कोशाबाहेरच्या मराठीत हा भेद रोजच्या वापरातला आहे, आणि त्यासाठी असलेला शब्द ‘तार’ हा होय. आमटी ‘दाट’ असते, तिला ‘तार’ नसते. चिरलेल्या भेंडीचे पाणी दाट नसते, पण त्याला तार सुटते. नासलेल्या वरणाला तार आली असे म्हणतात. ते घट्ट झाले असा त्याचा अर्थ कोणी करीत नाही. दाटपणा आणि तार हे दोन स्वतंत्र गुण आहेत, एक असताना दुसरा नसू शकतो, हे ज्ञान येथे शब्दांत साठविलेले आहे. भेंडीचा बुळबुळीत रस हे लांब शर्करा-साखळ्यांचे द्रावण आहे, आणि नासलेल्या पदार्थाची तारही जीवाणूंनी तयार केलेल्या तशाच साखळ्यांची असते. इंग्रजी मुद्रणव्यवसायातही बोटाने ओढली असता धागा देणाऱ्या शाईस ‘लांब’ आणि झटकन तुटणाऱ्या शाईस ‘आखूड’ म्हणण्याचा प्रघात आहे. छापखान्याच्या रुळांवर लांब शाईच्या तारा तुटून तिचे धुके उडते, हे कारागिरास सूत्रांवाचून ठाऊक होते.

तथापि बोलीतला शब्द सापडला म्हणजे परिभाषेचा प्रश्न सुटला, हा समज या क्षेत्रात जितका लोकप्रिय आहे तितकाच घातक आहे. ‘तार’ शब्दाचीच अडचण पाहावी. एकतारी, दोनतारी पाकातली तारही तारच. पण साखरेचा रेणू लहान असतो. पाकात साखळ्या नसतात. ती तार निव्वळ श्यानतेची आहे, ट्राउटनच्या तिप्पट नियमाच्या आतली. भेंडीची तार वेगळी. साध्या श्यान द्रवाची तार सारख्या गतीने बारीक होत जाऊन ठरल्या क्षणी तुटते. बहुवारिकाची तार जसजशी बारीक होते तसतशी तिची बारीक होण्याची गतीही मंदावते, आणि ती एकसारख्या जाडीची राहून चिवटपणे टिकते. स्वयंपाकघराने या दोहोंना एक नाव दिले, कारण तेथे दोन्ही तारा अंगठा व तर्जनी यांच्यामध्येच पाहावयाच्या असतात. इंकजेटच्या अभ्यासकास तेवढ्याने भागणार नाही.

येथे ‘चिवट’ हे विशेषण उपयोगी पडेल असे दिसते. जे ताणले असता सहजी तुटत नाही ते चिवट; घट्टपणा किंवा जडपणा त्यात गृहीत नाही. ‘चिवट तार’ म्हटले की पाकाची तार आपोआप बाजूस राहते. मापनीय परिमाणासाठी ‘ताणश्यानता’ असा समास करता येईल आणि सरकण्याच्या विरोधास ‘श्यानता’ हा रूढ शब्द तसाच ठेवता येईल. म्हणजे विशेषणाची गरज दुसऱ्या परिमाणास पडेल, पहिल्यास पडणार नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात समास व यंत्रापुढील बोलण्यात ‘चिवट तार’ अशी वाटणी झाली तर तीही आक्षेपार्ह मानण्याचे कारण नाही. एकाच वस्तूस दोन पातळ्यांवर दोन नावे सर्वच प्रगत भाषांत असतात.

ताणलेली साखळी पुन्हा गुंडाळी होऊ पाहते, म्हणून ही शाई काही अंशी रबरासारखी वागते. या गुणास मराठीत ‘स्थितिस्थापकता’ म्हणतात. परिभाषेतील सर्वांत लांबलचक शब्दांपैकी हा एक असून त्याची थट्टाही बरीच झाली आहे. ती अज्ञानमूलक होती. वैशेषिक परंपरेत ‘संस्कार’ या गुणाचे तीन प्रकार मानले आहेत : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वाकविलेली वस्तू पूर्वस्थितीस आणणारा तो स्थितिस्थापक, असा अर्थ अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात स्पष्ट केलेला आहे. म्हणजे हा शब्द कोशकारांनी इंग्रजीवरून बेतलेला नसून शास्त्रातून उचललेला आहे. मात्र तर्कसंग्रह त्याचे स्थान सांगतो ते चटईसारख्या पार्थिव वस्तूंत. पाण्याकडे तो स्नेह व द्रवत्व देतो, स्थितिस्थापक देत नाही. शब्दाच्या या वारशामुळे ‘स्थितिस्थापक द्रव’ हा प्रयोग मराठी कानास वदतोव्याघातासारखा वाटतो. विसाव्या शतकातील शास्त्रालाही प्रथम तो तसाच वाटला होता.

परंतु त्याच वर्गीकरणात एक अनपेक्षित सोय दडलेली आहे. ‘भावना’ म्हणजे अनुभवाने आत्म्यावर उमटणारा व स्मृतीस कारण होणारा संस्कार. तो आणि स्थितिस्थापक हे नैयायिकांनी एकाच जातीत घातले. आजचे भौतिकशास्त्र बहुवारिक द्रावणांविषयी बोलताना नेमकी हीच सांगड घालते : द्रवास ‘स्मृती’ असते, ती हळूहळू पुसली जाते, आणि पुसली जाण्यापूर्वी त्यास ताणून सोडले तर तो मागे येतो. मार्कस रायनर याने १९६४ साली या स्मृतीच्या काळाला निरीक्षणाच्या काळाने भागून येणाऱ्या संख्येस बायबलातील देवोरा या स्त्रीचे नाव दिले, कारण तिच्या गीतात ईश्वरासमोर पर्वतही वाहू लागतात. इंकजेटच्या थेंबास तुटावयाला मिळणारा स्वाभाविक काळ सेकंदाच्या एक लक्षांशाच्या दुप्पट-तिप्पट असतो. शाईची स्मृती याहून फार आखूड असेल तर ती पाण्यासारखी वागेल. तेवढी किंवा अधिक असेल तर रबराचा अंश प्रकट होईल. पर्वतास युगे लागतात, थेंबास तेवढा अवकाश मिळत नाही, गुणोत्तर तेच. ‘संस्कारकाल’ असा शब्द यासाठी कोणी योजिला तर तो मराठीत सहज रुजेल, कारण संस्कार पुसट होतो हे सांगण्यासाठी टीप द्यावी लागणार नाही.

व्यवहारात यातून जे घडते ते थोडक्यात असे. अल्प बहुवारिकाने शेपूट लगेच तुटत नाही. ती अखंड राहून पुढच्या थेंबात ओढली जाते आणि मागचे बारीक थेंब कमी होतात. ही इष्ट अवस्था. प्रमाण किंवा साखळीची लांबी वाढली की धागा तुटण्याचे नावच घेत नाही. थेंबाचा वेग त्यास ताणण्यात खर्च होतो. पुढे तर थेंब बाहेर येऊन पुन्हा छिद्रात परत जातो. रंगकण कागदास वा प्लॅस्टिकला धरून राहावेत म्हणून शाईत बहुवारिक हवे, आणि थेंब सुटावा म्हणून ते बेताचेच हवे, असा हा पेच आहे.

मागून येणाऱ्या बारीक थेंबांस इंग्रजीत ‘सॅटेलाइट’ म्हणतात. त्याचे ‘उपग्रह थेंब’ असे भाषांतर करण्याचा मोह होणे साहजिक आहे, तो आवरावा. उपग्रह म्हटला की मराठी मनात प्रदक्षिणा येते. हे थेंब कशाभोवती फिरत नाहीत. ते रेंगाळतात आणि भलतीकडे पडतात. नको तेथे पडलेल्या थेंबास मराठीत ‘शिंतोडा’ हा नेमका शब्द आहे, त्याच्या बदनामीच्या अर्थासह. तसेच इंकजेटला ‘फवारा’ म्हणणेही चुकीची दिशा दाखविते. फवाऱ्यात थेंबांची संख्या व दिशा मोजलेली नसते. येथे एकेक थेंब मोजून सोडावयाचा असतो, आणि फवारा होणे हाच बिघाड. त्यापेक्षा ‘इंकजेट’ हा शब्द देवनागरीत तसाच घेणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.

‘बहुवारिक’ या शब्दाविषयी मात्र कोशकारांचे अभिनंदन केले पाहिजे. हिंदीने ‘बहुलक’ केले. त्यात विपुलता आहे, रचना नाही. ग्रीक मुळात ‘अनेक भाग’ एवढेच आहे. ‘बहुवार’ म्हणजे अनेक वेळा : तोच घटक पुनःपुन्हा येतो, हे मराठी शब्द मुळापेक्षाही स्वच्छपणे सांगतो, आणि आवृत्ती जितकी अधिक तितकी साखळी लांब, हे त्यातून ओघानेच निघते. त्यात एकच गोष्ट येत नाही : आवृत्ती सरळ रांगेने झाली की फांद्या फुटत झाली. थेंबाच्या दृष्टीने हा भेद क्षुल्लक नाही. पोथ्या लिहिण्याची जुनी शाई काजळ आणि डिंक खलून करीत. म्हणजे बहुवारिक शाई बोरूच्या काळापासून मराठी लेखकाच्या दौतीत होती. बाभळीच्या जातीच्या डिंकाचा रेणू फार मोठा असला तरी दाट फांद्यांचा, आटोपशीर असतो. ओढला तरी तो लांब उलगडत नाही. म्हणून डिंकाचे पाणी कागदाला चिकटते, पण त्याला भेंडीसारखी तार सुटत नाही, आणि बोरू उचलताच अक्षराची रेघ जेथल्या तेथे तुटते.